टोकन कोणाचं, मुदत कोणाची

त्या वर्षी वऱ्हाडात तूर इतकी झाली की सरकारी खरेदी केंद्रांवरचा रिकाम्या पोत्यांचा बारदाना संपला. माझं शहाणपण त्याच्याही आधी संपलं होतं, पण ते कळायला मला अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात टाळ्या घेईपर्यंत थांबावं लागलं.

तेव्हा मी अकोल्यात, जठारपेठेतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. कंपनी म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार माणसं आणि एक इन्व्हर्टर. सगळ्यांत कर्तबगार इन्व्हर्टर. पुण्यात सात वर्षं नोकरी करून मी गावी परतले होते, त्यामुळे माझ्याकडे इतरांपेक्षा दोन गोष्टी जास्त होत्या: थोडे इंग्रजी शब्द आणि बराच उर्मटपणा. पहिले कधीमधी कामाला यायचे. दुसरा रोज कामावर असायचा.

अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी एक सहकारी संस्था तुरीचं खरेदी केंद्र चालवत होती. शेतकऱ्याने आधी नाव नोंदवायचं, मग त्याला नंबराची एक चिठ्ठी मिळायची. तिला सगळे टोकन म्हणायचे. आपला नंबर आला की तूर घेऊन केंद्रावर जायचं. हंगामाच्या सुरुवातीला नंबर कधी येईल याचा पत्ता नसल्यामुळे लोक तीन-तीन दिवस गाड्या लावून बसत. म्हणून संस्थेने आमच्याकडून इंटरनेटवर एक पान करून घेतलं. त्यावर चालू टोकनचा मोठा आकडा, त्याखाली पुढच्या दोन दिवसांचे आकडे, आणि अगदी तळाशी ‘अडचण असल्यास संपर्क’ म्हणून माझा मोबाईल नंबर. तो मीच टाकला होता. आपल्याला कोणीतरी अडचणीत फोन करावा, अशी मला तेव्हा फार हौस होती.

आता दुसऱ्या टोकनबद्दल सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यामुळे झालं.

ते पान हाताने बदलायला कोणी बसलेलं नव्हतं. एक छोटा प्रोग्रॅम दर अर्ध्या तासाने केंद्राच्या संगणकावरून आकडा उचलायचा आणि पानावर चढवायचा. आमची सगळी पानं ज्या प्लॅटफॉर्मवर राहत होती, तो काही कोणालाही आत सोडत नसे. माणूस आला तर पासवर्ड विचारी, प्रोग्रॅम आला तर टोकन. टोकन म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ, वाचायला गेलं तर जीभ अडकावी अशी. आपण गावाला जाताना शेजारणीला तुळशीला पाणी घालायला अंगणाची किल्ली देऊन जातो, तसाच हा प्रकार. किल्ली अंगणापुरती द्यावी, किती दिवसांसाठी ते सांगावं आणि आल्यावर परत मागून घ्यावी. टोकनं सांभाळण्याचं शास्त्र एवढंच आहे. मी मात्र शेजारणीला कपाटासकट सगळ्या किल्ल्यांचा जुडगा देऊन ठेवला होता आणि गावाहून परत आलेच नव्हते.

म्हणजे असं, की आमच्याकडे एकच टोकन होतं. त्याला सगळे अधिकार होते, मुदत नव्हती आणि नाव होतं ‘टेस्ट’. तीन वेगवेगळी कामं त्याच्यावर चालायची. कोणी विसरू नये म्हणून ते मी एका कागदावर छापून इन्व्हर्टरला चिकटवलं होतं, वीजबिलाच्या ग्राहक क्रमांकाखाली. चहा द्यायला येणाऱ्या माणसालाही ते वाचता आलं असतं. त्याने वाचलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

मग आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, कुठल्याशा परिसंवादासाठी नागपूरला गेले आणि घाबरून परत आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “आपली टोकनं कोण सांभाळतं?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इन्व्हर्टरकडे पाहिलं. त्या दिवसापासून ती जबाबदारी अधिकृतपणे माझी झाली.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. एका आठवड्यात मी ‘टेस्ट’ मोडीत काढलं आणि प्रत्येक कामाला वेगळं टोकन केलं. प्लॅटफॉर्म टोकनला नाव द्यायला सांगतो. लोक कामाचं नाव देतात. मला तेव्हा वाटलं, कामाचं नाव दिलं तर चोराला कळेल. म्हणून मी नावं दिली थोरली जाऊ, मधली जाऊ, धाकटी जाऊ. थोरलीला पुष्कळ अधिकार. मधलीने नुसतं बघायचं. धाकटीकडे खरेदी केंद्राचं पान: आलेला आकडा उचलून ठेवायचा, बाकी घरात कशाला हात लावायचा नाही. प्रत्येकीला तीन महिन्यांची मुदत. ऑफिसातल्या बाकी तिघांचे टोकन बनवण्याचे अधिकार मी काढून घेतले आणि सगळा कारभार एका हातात घेतला. सासू कोण झालं, ते वेगळं सांगायला नको.

प्लॅटफॉर्म बिचारा मुदत संपायच्या आठवडाभर आधीपासून ईमेल पाठवायचा. त्याच्या ईमेल इतक्या यायच्या की मी एक सोय करून ठेवली होती. त्याची पत्रं परस्पर एका वेगळ्या कप्प्यात जात. कप्प्याचं नाव होतं ‘सवडीने’. मला नोकरीत सवड कधी मिळाली नाही आणि मिळाली तेव्हा मी त्या कप्प्यात गेले नाही.

इथवर जे झालं ते पुण्या-मुंबईतही झालं असतं. पुढचं फक्त आमच्याकडेच होऊ शकलं.

सर म्हणाले, पान शेतकरी वाचणार, तेव्हा त्यावर एक अक्षर इंग्रजी नको. हे काम मी जीव ओतून केलं. नुसतं पानच नाही, तर प्लॅटफॉर्मकडून येणारे बिघाडाचे संदेशसुद्धा मी मराठीत आणले. काही अडलं तर का अडलं ते पानाच्या वरच्या पिवळ्या पट्टीत मराठीत दिसावं, अशी योजना केली. सर त्याला पारदर्शकता म्हणाले. प्लॅटफॉर्मने प्रोग्रॅमचं टोकन संपलं असं इंग्रजीत कळवलं, तर पट्टीत यायचं: ‘टोकनची मुदत संपली आहे. कृपया नवीन टोकन घ्यावे.’ या दोन वाक्यांचं ऱ्हस्व-दीर्घ मी तीनदा तपासलं होतं.

आमचा टेस्टर, म्हणजे चुका शोधण्याचं काम करणारा सहकारी, जुन्या अकोल्यातल्या मुसलमान घरातला होता. घरी गाद्या-रजयांचं दुकान, आणि एका वाक्यात हिंदी आणि वऱ्हाडी दोन्ही सुखाने नांदायच्या. तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, “मॅडम, ये टोकन आन् वो टोकन एकच शब्द होऊन राहिला. पब्लिक गडबडीन ना.”

“संदर्भाने कळतं,” मी म्हणाले.

“कोनाले?”

त्याने ही शंका चुकांच्या यादीत लिहिली. तिच्यासमोर गांभीर्य लिहायचा रकाना माझ्याकडे होता. मी लिहिलं, ‘किरकोळ’.

अमरावतीच्या कॉलेजने मला भाषणाला बोलावलं ते याच दिवसांत. मी तिथलीच माजी विद्यार्थिनी. विषय मीच सुचवला: स्वयंचलित कामांसाठी टोकनांचं व्यवस्थापन. विषय असा होता की हॉल भरण्यासाठी दोन वर्गांना हजेरीची धमकी द्यावी लागली. पण भाषण रंगलं. तिन्ही जावांची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकांपर्यंत हशा गेला. मी चढले. पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, ‘मुदत द्या. मुदत लक्षात ठेवा.’ आणि त्याच वेळी टेबलावरचा माझा फोन थरथरायला लागला.

अनोळखी नंबर होता. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. चौथ्यांदा आल्यावर मला एक नाटकी कल्पना सुचली. मी विद्यार्थ्यांना म्हणाले, “हा बघा, आपला वापरकर्ता. आपण जे करतो ते शेवटी याच्यासाठी. याच्याशी कसं बोलायचं ते ऐका.” आणि स्पीकर चालू करून फोन माईकला लावला. माईक माझ्या हातात होता, फोनही हातात होता, अक्कल कुठे ठेवली होती ते आजही आठवत नाही.

“अवं बाई,” सगळ्या हॉलमध्ये एका बाईचा खणखणीत आवाज घुमला, “माहं टोकन कावून मारलं तुमी?”

हॉल खदखदून हसला. मीही हसले. मी समजुतीच्या सुरात म्हणाले, “मावशी, नीट सांगा, काय दिसतंय तुम्हाला?”

“काय दिसनार? पिवया पट्टीत लिवलं हाय, मुदत संपली, नवीन घ्या. काल तं बरं होतं. मी गाडी भरून आली ना इथी! गेटवाल्यानं बी मोबाईल पाह्यला आन् म्हने, जा घरी, तुमचं टोकन बाद झालं. आज आखरी दिवस हाय केंद्राचा. बारदाना नाई म्हने उद्यापासून. आता नवीन टोकन कोन देते मले?”

हसू कधी थांबलं ते कळलं नाही. माझ्या मागे पडद्यावर ‘मुदत लक्षात ठेवा’ तसंच होतं. मी मनात महिने मोजले. तीन महिने. धाकटी.

मी घाईघाईने म्हणाले, “मावशी, तुमचं टोकन चांगलं आहे हो. माझं टोकन संपलंय.”

मग तिने मनापासून विचारलं, “तुमची बी तूर हाय काय?”

विद्यार्थ्यांनी पुन्हा हसून हॉल डोक्यावर घेतला. मला वाटलं, त्या पडद्यामागे जाऊन बसावं.

भाषण तिथेच सोडून मी संगणकाच्या प्रयोगशाळेत पळाले. अर्धा वर्ग मागोमाग आला, कारण त्यांना आता खरा विषय सापडला होता. टेस्टरला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, मले तं अधिकारच नाई. तुमीच काढले ना.” आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. मग मी स्वतः आत शिरले, धाकटीचं नवं टोकन काढलं, जुन्याच्या जागी बसवलं. पिवळी पट्टी कोरी झाली, अडकलेला आकडा पुढे सरकला. सगळं मिळून दहा मिनिटं. आणि माझ्या पाठीमागे त्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून थोडी वाकलेसुद्धा. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

टाळ्यांच्या धुंदीत तास गेला आणि पुन्हा फोन आला. तीच बाई.

“झालं मावशी,” मी म्हणाले. “पान दुरुस्त झालं.”

“पान झालं. नंबर?”

“म्हणजे?”

“माहा नंबर गेला ना! गेटवाल्यानं हाकललं तवा आमी गाडी फिरवली. दोन कोस गेलो आन् मंग तुमचं पान बरं झालं. वापस आली तं म्हनते, पुकारा झाला, तुमी नव्हते. आता बाहेरचा व्यापारी म्हनते, दे इकडे, मी घेतो. पडेल भावात मांगून राहिला. त्याले देऊ काय? चार महिने रानडुकराईपासून राखली मी ते तूर.”

मला आधी राग आला. सगळ्यांचा आला. मोबाईल वाचून माणसं हाकलणाऱ्या गेटवाल्याचा, पारदर्शकतावाल्या सरांचा, आणि सगळ्यांत जास्त टेस्टरचा, कारण त्याचं बरोबर होतं. मग म्हणाले, “मावशी, तूर कोणाला देऊ नका. मी येते.” येऊन मी काय करणार होते, ते मला माहीत नव्हतं.

अकोल्याची बस मिळाली. बडनेरा जाईपर्यंत मी मनातल्या मनात खुलासा तयार करत होते. त्यात ‘प्रणाली’ हा शब्द तीनदा आणि ‘अनपेक्षित’ दोनदा येत होता. बसमध्ये शेजारच्या सीटवर संत्र्यांची करंडी होती आणि तिचा मालक उभा होता. करंडीला बसायला देऊन स्वतः उभा राहणारा माणूस पाहून मला उगाच अपराधी वाटलं.

केंद्र म्हणजे बाजार समितीच्या आवारातलं एक टिनाचं शेड. आत चाळणी चालू होती, तुरीचा पिवळसर भुसा उडत होता, आणि उरलेले बारदाने साखरेच्या जुन्या पोत्यांसकट एका कोपऱ्यात मोजके रचले होते. गेटबाहेर एका मालवाहू ऑटोत, पोत्यांवर, एक साठीची बाई बसली होती. मला उतरताना पाहून तीच बोलली.

“तूच काय वं ते फोनवाली?”

फोनवर मी ‘तुमी’ होते, समोर दिसल्यावर ‘तू’ झाले. मी मान डोलावली. गावात तिचा वांग्या-मिरच्यांचा आणि झेंडूचा मळा होता. फुलं आणि भाजी ती स्वतः अकोल्याच्या बाजारात नेऊन विकायची, आणि कोरडवाहू तुकड्यात तूर. शाळा सातवीपर्यंत. हे सगळं तिने मला गेटपासून शेडपर्यंतच्या चालण्यात सांगितलं, कारण तिच्या मते आत कोणाची वकिली करायची ते मला माहीत असायला हवं होतं.

केंद्रप्रमुख साहेब काट्यापाशी होते. सकाळपासून उभे, डोळे लाल, घसा बसलेला. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, पुकाऱ्याले माणूस हजर नसला तं नंबर गेला. मी कोनत्या नियमात घेऊ? उद्या मले विचारलं तं काय दाखवू? तुमी लेखी द्या.”

लेखी देणं माझा प्रांत. मी कागद घेतला आणि बसमध्ये पाठ केलेलं सगळं उतरवलं: ‘काही तांत्रिक अडचणीमुळे प्रणालीमध्ये अनपेक्षित संदेश प्रदर्शित झाल्याने संबंधितांची गैरसोय झाली...’

कागद साहेबांकडे जायच्या आधी बाईने घेतला. ओळीखाली बोट ठेवत, ओठ हलवत, तिने सगळा वाचला. मग विचारलं, “याच्यात चूक कोनाची हाय ते कोठी लिवलं?”

“लिहिलंय ना. तांत्रिक अडचणीमुळे.”

“थे अडचन कोनं केली? आभायातून पडली काय?”

मी साहेबांकडे पाहिलं. ते काट्याकडे पाहत होते. मी म्हणाले, “मावशी, असंच लिहायची पद्धत असते.”

“आमच्या इथी तं जो करते त्याचं नाव लिवते.”

मी कागद फाडला. दुसरा घेतला आणि लिहिलं: ‘आज सकाळी पानावर टोकनची मुदत संपली असे दिसले. ती मुदत माझ्या संगणकातल्या टोकनची होती. शेतकऱ्यांच्या टोकनची नव्हती. ते वाक्य मी लिहिले होते. चूक माझी आहे.’ खाली सही केली. सात वर्षं पुण्यात आणि दोन वर्षं अकोल्यात मी चुकांचे कितीतरी अहवाल लिहिले होते. त्यांतल्या एकाही अहवालात ‘मी’ हा शब्द नव्हता.

बाईने तो वाचला आणि साहेबांना दिला. साहेबांनीही वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि हमालाला हाक मारली.

तिची तूर चाळली गेली, ओलावा तपासला गेला, काट्यावर चढली. ती प्रत्येक पोत्याबरोबर काट्यापर्यंत जात होती आणि परत येत होती. पावती हातात आली तेव्हा तिने ती दोनदा वाचून कमरेच्या पिशवीत ठेवली. मी बाजूला उभी राहून आभाराची वाट पाहत होते. खरं सांगते, मला वाटत होतं की मी फार मोठं काम केलं. एवढी बस पकडून आले, सगळ्यांसमोर चूक कबूल केली, कोण करतं आजकाल?

ती म्हणाली, “चहा पाज.”

चहा अर्धा झाला असेल. साहेब खिशातला कागद पुन्हा काढून वाचत टपरीपर्यंत आले. “मॅडम, हे तुमचं पत्र एकट्या यांच्यासाठी नाही ना? तुमची पट्टी होती त्या वेळात सात नंबर गेले. बाकीच्या सहांचं काय करू?”

मी कप खाली ठेवला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सकाळपासून माझ्या मनात एकच बाई होती, कारण फोन तिनेच केला होता. बाकीच्यांनी पट्टी वाचली, विश्वास ठेवला आणि ते निघून गेले. ते भांडले नाहीत म्हणून माझ्या हिशेबी ते नव्हतेच. टपरीवर त्या बाईसमोर मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

साहेबांनी यादी दिली. “सहा वाजता काटा बंद. तोवर जो येईन त्याले मी घेतो.” साडेचार वाजले होते. मी तिथल्याच बाकड्यावर बसून एकेक फोन लावायला घेतला. बाई शेजारी बसली. तिची बस पाच वाजता होती, ती तिने जाऊ दिली.

पहिला फोन बंद. दुसऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सकाई म्हनलं संपली, आता म्हनता नाई संपली. पक्कं एक सांगत जा ना बाई. इकली मी तूर, गेटवरच.” तिसऱ्यानेही विकली होती. त्याने नुसतं बरं म्हणून फोन ठेवला. चौथा गावी पोचला होता, पोती उतरवली होती आणि गाडीवाला निघून गेला होता. त्याने मला विचारलं, “तुमी गाडी पाठोता काय?” मी तालुक्याच्या गावातल्या तीन गाडीवाल्यांना फोन केले. अंतर ऐकून तिघांनीही सांगितलं की सहाच्या आत जमत नाही. पाचव्याच्या घरी फोन त्याच्या सुनेने उचलला. मामंजी शेतात गेले, मोबाईल घरीच, आणि तुरीचं त्यांनी काय केलं ते तिला ठाऊक नव्हतं.

सहावा म्हातारा माणूस होता. त्याच्या मागे पुष्कळ गलका ऐकू येत होता. मी विचारलं, “काका, कुठे आहात?”

“तहसीलीत हावो. लायनीत.”

“कशाच्या?”

“नवीन टोकन घ्याच्या. लिवलं होतं ना, नवीन टोकन घ्यावे. इथी कोनाले ठाऊकच नाई कोठी भेटते तं. या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवून राहिले सकाईपासून.”

फोन बाईने माझ्या हातातून घेतला. “भाऊ, थे लाईन सोड. कागद-गिगद काई नाई लागत. गाडी घेऊन ये इकडे. पयत ये.”

तो आला. सहाला वीस मिनिटं असताना त्याची गाडी आत शिरली. त्याच्या हातात तहसीलीतल्या कोणीतरी दिलेला एक कोरा अर्ज होता. तो त्याने मला दाखवला, हा भरायचा आहे का म्हणून. मी नाही म्हणाले. त्या दिवशी काट्यावर चढलेली शेवटची तूर त्याची.

सहा वाजता काटा थांबला. साहेबांनी आत जाऊन संगणकावर दिवसाची यादी पूर्ण केली आणि केंद्र बंद झाल्याचं गेटवर लिहायला सांगितलं. मी आणि बाई अकोल्याच्या बसची वाट बघत रस्त्याला उभ्या होतो. सवयीने मी मोबाईल काढला आणि पान उघडलं. नव्या टोकनने आपलं काम अगदी वेळेवर केलं होतं. पिवळी पट्टी कोरी होती. चालू टोकनचा मोठा आकडा गेला होता आणि त्या जागी दिवसभराचे नंबर एकाखाली एक आले होते. बहुतेकांच्या पुढे ‘खरेदी पूर्ण’. पाच नंबरांच्या पुढे दुसरा शब्द.

बाईने माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. तिचा नंबर सापडला, म्हाताऱ्याचा सापडला. मग बोट त्या पाच नंबरांवर आलं आणि तिथे थांबलं. ती अक्षरं लावून वाचू लागली, “अ-नु-प-स्थि-त. हे काय असते वं?”

हा शब्दही मीच निवडला होता. “म्हणजे,” मी म्हणाले, “जे आले नाहीत.”

“आले होते न वं,” ती म्हणाली. “सकाई माह्या मांगंच होते उभे, गाड्या घेऊन. तूनंच त्याईले घरी पाठोलं.”

“हो,” मी म्हणाले.